ग्राफिक ड्रायव्हर टाकला तरी महिन्याभरात परत तेच: नेमकं कुठं अडतं आणि कसं थांबवायचं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं व्हीएमसीचं (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनचं) युनिट असो, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा डिझाइन विभाग असो, नाहीतर राजारामपुरीतलं फ्लेक्स आणि लग्नाच्या अल्बमचं दुकान असो, तक्रार एकाच साच्यातली असते. ड्रॉइंग फिरवताना स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी पडते, परत येते, आणि तोवर सॉफ्टवेअर बंद पडलेलं असतं. किंवा सकाळी पीसी चालू करावा तर आयकॉन मोठाले दिसतात आणि रिझोल्यूशन काही केल्या वर जात नाही. टेक्निशियन येतो, ग्राफिक ड्रायव्हर, म्हणजे चित्र काढणारी चिप आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर, टाकून जातो. तीन आठवडे सुरळीत चालतं आणि मग फोन येतो, "परत तसंच झालंय बघा." तिसऱ्या-चौथ्या खेपेला कंटाळून विंडोज पुसून नव्यानं टाकली जाते. तरीही पुढच्या महिन्यात पहिले पाढे पंचावन्न.

ड्रायव्हर जुना आहे म्हणून असं होतं, ही समजूत सोडून द्यावी लागेल. त्या मशीनला न जुळणारा ड्रायव्हर कुणीतरी पुन्हा पुन्हा बसवत असतं, आणि बहुतेक वेळा ते काम खुद्द विंडोज अपडेट करतं. त्यामुळे कामं दोनच: मशीनमध्ये नेमकी कोणती चिप आहे ते ओळखणं आणि परत बसवणाऱ्याला अडवणं. पहिलं काम घाईत होतं, दुसरं बहुधा होतच नाही.

आधी दोष ड्रायव्हरचाच आहे का ते बघा

ड्रायव्हरला हात लावण्याआधी पाच मिनिटं इव्हेंट व्ह्यूअरला, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीला, द्या. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. स्क्रीन काळी पडली त्या मिनिटाची नोंद काढा. सोर्स 'डिस्प्ले' आणि क्रमांक ४१०१ असेल, तर ग्राफिक ड्रायव्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही आणि विंडोजनं तो बंद करून पुन्हा उभा केला. हा आपल्या विषयातला दोष. 'कर्नल-पॉवर' आणि ४१ दिसला, तर मशीन नीट बंद न होता अचानक बंद झालंय. तिथं आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा), यूपीएस आणि वायरिंग बघायचं, ड्रायव्हर बदलून काही हाती लागणार नाही. 'व्हीया-लॉगर'च्या (WHEA-Logger) नोंदी सारख्या पडत असतील, तर कार्ड, स्लॉट, प्रोसेसर किंवा रॅम यांच्यातच कुठंतरी बिघाड आहे.

याहून सोपं आणि आमच्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन म्हणजे रिलायबिलिटी मॉनिटर. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' एवढंच टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. तारखांचा तक्ता उघडतो. खाली लाल फुल्या म्हणजे बंद पडलेली सॉफ्टवेअर, निळी चिन्हं म्हणजे त्या दिवशी बसलेले अपडेट आणि ड्रायव्हर. लाल फुल्यांची रांग जिथं सुरू होते त्याच्या आदल्या दिवशीच्या निळ्या चिन्हावर क्लिक करा. तिथं इंटेल, एनव्हीडिया किंवा एएमडीचं नाव आणि 'डिस्प्ले' असा उल्लेख सापडला, की चोर सापडला. मायक्रोसॉफ्टचा मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतो, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. बुधवारी-गुरुवारी मशीन रीस्टार्ट झालं, की आधीपासून उतरून ठेवलेला ड्रायव्हरही त्याबरोबर बसतो. 'दर महिन्याला होतं' याचं रहस्य बऱ्याचदा एवढंच असतं.

आणखी एक चाचणी. सॉफ्टवेअरमधला ग्राफिकचा आधार तात्पुरता काढून बघा. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' ही कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद करा. सॉलिडवर्क्समध्ये सिस्टम ऑप्शन्स, परफॉर्मन्स, 'यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल'. एकही फाइल उघडी असेल तर हा पर्याय फिका दिसतो आणि टिक होत नाही, त्यामुळे सगळ्या फाइली बंद करूनच तिथं जा. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स, 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची टिक काढा. काम मंदावलं पण बंद पडणं थांबलं, तर दोष ड्रायव्हरकडे किंवा कार्डाकडे आहे. तरीही बंद पडत असेल तर फाइल, प्लगइन किंवा रॅम तपासा.

खोक्यावरचं नाव सोडा, आयडी वाचा

डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्स, कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. पहिल्या ओळीत 'व्हेन' नंतरचे चार अक्षर-अंक म्हणजे चिप बनवणारी कंपनी: १०डीई असेल तर एनव्हीडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. 'डेव्ह' नंतरचे चार म्हणजे नेमकी चिप. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव दिसत असेल, म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही, तरी आयडी इथंच मिळतो. हे वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि त्याचं कारण जीटी ७३०सारखं नेहमीचं कार्डच दाखवून देतं.

जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. आयडीत १२८७ असेल तर चिप केपलर पिढीची. ०एफ०२ असेल तर त्याआधीच्या फर्मी पिढीची. वरून कार्ड सारखं, खोकं सारखं, नावही तेच. पण फर्मीसाठी विंडोजवर ३९१.३५ हा नेहमीचा शेवटचा ड्रायव्हर, मार्च २०१८चा. केपलरसाठी ४७० ही शाखा, म्हणजे ड्रायव्हरच्या आवृत्त्यांची मालिका, शेवटची, जिचे आकडे विंडोजवर ४७२, ४७४, ४७५ असे दिसतात. फर्मी कार्डावर नवा ड्रायव्हर टाकायला गेलात की इन्स्टॉलर 'जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही' म्हणून थांबतो. मग लोक 'ऑटोमॅटिक सर्च' दाबतात, विंडोज आपल्या मनानं काहीतरी बसवतं आणि चक्र सुरू होतं.

एनव्हीडियापुरता हिशोब असा ठेवा. जीटी ७१० आणि केपलरचं जीटी ७३०: ४७० शाखा. जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय, १०६० ही मॅक्सवेल आणि पास्कल पिढी: ५८० ही शेवटची शाखा, पुढच्या शाखांत ही कार्डं नाहीत. जीटीएक्स १६ मालिका आणि सगळी आरटीएक्स: चालू ड्रायव्हर. डिझाइनच्या कामाला 'गेम रेडी' घेऊ नका, 'स्टुडिओ' घ्या. तो कमी वेळा निघतो आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर तपासून दिला जातो. ३२-बिट विंडोज असेल तर ३९० शाखेनंतर एनव्हीडियानं ३२-बिटसाठी ड्रायव्हर काढलेलाच नाही. अशा मशीनवर वेळ घालवण्यापेक्षा ६४-बिट विंडोज टाकणं बरं.

इंटेलच्या मशीनवर

इथं प्रोसेसरची पिढी हेच सगळं काही. आय५-१०४०० म्हणजे दहावी, आय५-९४०० म्हणजे नववी, आय३-४१३० म्हणजे चौथी. इंटेलनं २०२२मध्ये सहाव्या ते दहाव्या पिढीचा ड्रायव्हर वेगळा काढला. त्याच्या आवृत्तीच्या शेवटच्या चार अंकांची सुरुवात २ नं होते, म्हणजे ३१.०.१०१.२ आणि पुढं तीन अंक. अकराव्या पिढीपासून पुढचं पॅकेज वेगळं. एकाचं पॅकेज दुसऱ्याला लागत नाही. चौथ्या पिढीसाठी विंडोज ११चा ड्रायव्हर इंटेलनं दिलेलाच नाही. जुगाड करून विंडोज ११ टाकलेल्या त्या मशीनवर ग्राफिक रडत असेल, तर ते चालवत राहण्यात अर्थ नाही.

'हा ड्रायव्हर या संगणकासाठी प्रमाणित नाही, बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या' असा संदेश इंटेलच्या इन्स्टॉलरनं दिला, तर तो ऐकावा. लॅपटॉप बनवणाऱ्यानं त्यात पॅनलचा ब्राइटनेस, झाकण बंद केल्यावरचं वागणं, एचडीएमआयची जोडणी असे बदल केलेले असतात. त्याच्या सपोर्ट पानावरून मॉडेल क्रमांकानं घेतलेला ड्रायव्हर जुना दिसला तरी लॅपटॉपवर तोच पहिला टाका.

मॉडेलच्या शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिकच नाही. मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट तिथं मुका असतो. तो चालत नाही म्हणून बोर्ड बदलायला निघालेले लोक असतात, म्हणून हे सांगावं लागतं.

उलट प्रकारही तितकाच होतो. कार्ड वेगळं बसवलंय, पण मॉनिटरची केबल मदरबोर्डच्याच पोर्टला राहिली. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा, मॉडेल एका हातानं गोल फिरवत राहा आणि आलेख बघा. जीपीयू (ग्राफिकची चिप) ० इंटेल ऐंशी-नव्वद टक्क्यांवर उड्या मारतोय आणि जीपीयू १ एनव्हीडिया शून्यावर आडवा पडलाय, असं दिसलं की ड्रायव्हरला काही झालेलं नाही. मागं वाकून केबल कार्डाच्या पोर्टला लावा.

लॅपटॉपवर मात्र केबलचा प्रश्न नसतो, तिथं वेगळी गुंतागुंत असते. इंटेल आणि एनव्हीडिया दोन्ही असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये चित्र एनव्हीडिया काढतं, पण पडद्यावर पोचवतं इंटेल. त्यामुळे एनव्हीडियाचा ड्रायव्हर दहा वेळा बदलला तरी इंटेलचा बिघडलेला असेल तर चित्र झटके खाणारच. दोन्ही टाका, आधी इंटेल, मग एनव्हीडिया. त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं आपल्या सॉफ्टवेअरची एक्झी फाइल जोडून 'हाय परफॉर्मन्स' निवडा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली की फोल्डर बदलतो आणि ही निवड गळून पडते. 'अपडेट केल्यापासून स्लो झालं' या तक्रारीत आधी इथं बघा.

बाराव्या पिढीपासून बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर आहेत. कॅमच्या, म्हणजे मशीनला कापण्याच्या सूचना बनवून देणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये टूलपाथ (हत्याराचा मार्ग) काढायला लावून खिडकी खाली टाकली, की ते काम छोट्या कोअरवर सरकू शकतं आणि वेळ वाढतो. हा ग्राफिकचा दोष नव्हे. टूलपाथचं गणित सहसा प्रोसेसर करतो, कार्ड फक्त दाखवण्याचं काम करतं. अशा मशीनवर विंडोज ११ ठेवा, पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा आणि गणित चालू असताना खिडकी समोर राहू द्या.

एएमडीच्या मशीनवर

रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक आहे, ५६०० आणि ५६००एक्समध्ये नाही. शेवटचं 'जी' बघायचं. ७००० मालिकेपासून डेस्कटॉपच्या बहुतेक रायझनमध्ये छोटं ग्राफिक असतं, 'एफ'वाल्यांत नसतं.

इथली नेहमीची तक्रार म्हणजे रेडिऑनचं सॉफ्टवेअर उघडताच 'बसलेल्या ड्रायव्हरशी ही आवृत्ती जुळत नाही' असा संदेश. तुम्ही पूर्ण पॅकेज टाकलं होतं, विंडोज अपडेटनं मागून फक्त ड्रायव्हर बदलला, सोबतचं सॉफ्टवेअर जुनंच राहिलं. त्यावर पुन्हा तेच पॅकेज टाकलं की आठवडाभर बरं वाटतं. खरा इलाज पुढं सांगितलेला: पूर्ण सफाई, मग पॅकेज, मग अडवणूक. आणि ग्राफिकच्या आधी एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर टाका, तो राहून जातो.

आर७ २४०सारखी जुनी रेडिऑन कार्डं जुन्याच आवृत्तीवर थांबली आहेत. त्यांना नवं पॅकेज दाखवू नका.

प्रोसेसरमधल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅमवर जगतं. ५६००जीच्या मशीनमध्ये ८ जीबीची एकच पट्टी असेल तर ३२००च्या डीडीआर४वर सेकंदाला २५.६ जीबीचा रस्ता मिळतो. दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या की तोच ५१.२ होतो. चार स्लॉटच्या बोर्डवर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, तरी बोर्डच्या पुस्तिकेत बघून लावा. नवा ड्रायव्हर शोधण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा दुसरी पट्टी लावल्यानं मॉडेल जास्त सफाईनं फिरतं. बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर'ला (ग्राफिकसाठी राखून ठेवलेल्या रॅमला) २ जीबी दिलेत तर ८ जीबीतले ६च विंडोजला उरतात, हे मात्र ध्यानात घ्या. १६ जीबी असेल तरच २ द्या.

स्नॅपड्रॅगनचे नवे लॅपटॉप

बॅटरी दिवसभर चालते म्हणून हे लॅपटॉप आता मार्केटिंगवाल्यांच्या हातात आणि त्यांच्याकडून डिझाइनच्या टेबलावर येऊ लागले आहेत. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथं 'सिस्टम टाइप'पुढं 'एआरएम-बेस्ड प्रोसेसर' लिहिलेलं असेल, तर आतापर्यंतचं बरंचसं इथं लागू नाही. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर विंडोज ११ भाषांतर करून चालवतं. पण हे भाषांतर सॉफ्टवेअरपुरतं आहे, ड्रायव्हरसाठी नाही. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसणारा प्रत्येक ड्रायव्हर एआरएम६४साठीच बनलेला हवा. पेन ड्राइव्हमधलं नेहमीचं इंटेल किंवा एनव्हीडियाचं पॅकेज इथं बसणारच नाही. ग्राफिक ॲड्रिनो आहे, त्याचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याकडून, विंडोज अपडेटमधून किंवा क्वालकॉमकडून घ्यायचा. इथं विंडोज अपडेटमधला ड्रायव्हर अडवू नका. ही एकच जागा आहे जिथं आमचा सल्ला उलटा आहे.

'ओपनजीएलची (थ्रीडी चित्र काढण्याच्या सूचनांच्या भाषेची) आवृत्ती अपुरी' असा संदेश देऊन एखादं थ्रीडी सॉफ्टवेअर बंद होत असेल, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'ओपनसीएल, ओपनजीएल अँड व्हल्कन कंपॅटिबिलिटी पॅक' टाका. हा पॅक ओपनजीएलच्या सूचना डायरेक्टएक्स १२ मध्ये बदलून देतो. बरीच सॉफ्टवेअर त्यानं उघडतात, पण वेग अंगच्या ओपनजीएल ड्रायव्हरएवढा धरू नका.

फ्लेक्सवाल्यांसाठी आणि कॅमवाल्यांसाठी खास सूचना: फ्लेक्सचं रिप सॉफ्टवेअर (डिझाइन छपाईसाठी तयार करून देणारं) किंवा कॅमचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या किल्लीवर, चालत असेल, तर डोंगलचाही ड्रायव्हर असतो आणि तोही एआरएम६४चा लागतो. नसेल तर सॉफ्टवेअर उघडणार नाही आणि दोष मात्र ग्राफिकच्या माथी येईल. लॅपटॉप घेण्याआधी डोंगल बनवणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा. पैसे दिल्यावर विचारून उपयोग नाही.

अ‍ॅपलच्या एम मालिकेत वेगळा ग्राफिक ड्रायव्हर टाकायचा नसतो, तो मॅकओएसच्या अपडेटमधूनच येतो, आणि त्या मशीनना बाहेरचं ग्राफिक कार्ड जोडता येत नाही. लिनक्सवर इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यांना छेडू नका. एनव्हीडियाचा बंदिस्त ड्रायव्हर कर्नल बदलला की पुन्हा जुळवावा लागतो. कर्नल अपडेटनंतर काळी स्क्रीन आली तर नव्या कर्नलचे हेडर्स बसलेत का आणि सिक्युअर बूट चालू असताना मॉड्यूलची सही नोंदवली आहे का, या दोन गोष्टी बघा.

पूर्ण सफाई करून टाकण्याचा क्रम

क्रम मोडला की सगळं वाया जातं, म्हणून तेवढा जपा.

१. आधी योग्य ड्रायव्हर उतरवून डी ड्राइव्हवर ठेवा. डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, तोही.

२. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सेफ मोडला जाताना मशीन ४८ आकडी की मागू शकतं, आणि ती नसेल तर मालकाचा सगळा डेटा आत अडकतो. लॉगिनचा पासवर्डही आठवत असू द्या, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

३. लॅनची वायर काढा, वाय-फाय बंद करा. ही पायरी गाळली तर जुना ड्रायव्हर काढून नवा टाकेपर्यंतच्या दोन मिनिटांत विंडोज आपला ड्रायव्हर आणून बसवतं. 'सगळं बरोबर केलं तरी होत नाही' म्हणणाऱ्यांचं बहुधा इथंच चुकलेलं असतं.

४. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड.

५. डीडीयूमध्ये जीपीयू आणि कंपनी निवडा, 'क्लीन अँड रीस्टार्ट'. पूर्वी कार्ड बदललेलं असेल तर जुन्या कंपनीचे अवशेषही याच बैठकीत काढा.

६. नेट बंदच ठेवून क्रमानं टाका: चिपसेट, प्रोसेसरमधलं ग्राफिक, मग कार्ड. एनव्हीडियात 'कस्टम' आणि 'क्लीन इन्स्टॉलेशन' निवडा.

७. रीस्टार्ट करा. शटडाउन नव्हे.

डीडीयू का लागतो, तेही समजून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमधून नुसतं 'अनइन्स्टॉल' केलं आणि ड्रायव्हर पुसण्याची टिक केली नाही, तर त्याचं पॅकेज सिस्टम३२मधल्या ड्रायव्हरस्टोअरमध्ये पडून राहतं. पुढच्या बूटला विंडोज तिथलंच उचलून परत लावतं. शिवाय एनव्हीडियाचे जुने 'स्टँडर्ड' आणि नवे 'डीसीएच' असे दोन साचे आहेत. विंडोज अपडेटनं डीसीएच बसवलेला असेल आणि तुम्ही त्यावर जुना स्टँडर्ड टाकायला गेलात, तर 'विंडोजच्या या आवृत्तीशी जुळत नाही' असा दिशाभूल करणारा संदेश येतो. विंडोजचा काही दोष नसतो, आधीचा साचा पुसायचा राहिलेला असतो.

सातव्या पायरीत शटडाउन का चालत नाही? फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज कर्नल आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं. ड्रायव्हर कोरा उभाच राहत नाही. रोज सकाळी स्क्रीन बिघडलेली आणि एक रीस्टार्ट दिला की ठणठणीत, अशी तक्रार असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथं जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. बरेचदा तेवढ्यानंच काम होतं.

आता परत येणाऱ्याला अडवा

नेट जोडण्याआधी हे करायचं. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटर उघडा: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, विंडोज अपडेट. विंडोज ११मध्ये त्याच्या आतलं 'मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट'. तिथं 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' हे 'एनेबल्ड' करा. सुरक्षेचे अपडेट येत राहतात, फक्त ड्रायव्हर थांबतात. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नसते. तिथं कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये हार्डवेअर टॅब, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज, 'नो'. हा अडसर प्रोइतका पक्का नाही, म्हणून होमवर दुसऱ्या मंगळवारनंतर ड्रायव्हरची आवृत्ती एकदा डोळ्यांखालून घाला.

याची किंमतही माहीत असू द्या: प्रिंटर, वाय-फाय, स्कॅनर यांचे ड्रायव्हरही आता आपोआप येणार नाहीत. नवा प्रिंटर घेतला की त्याचा ड्रायव्हर हातानं टाकायचा. नेट बंद करून सगळेच अपडेट कायमचे थांबवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याला आमचा विरोध आहे. ज्या मशीनवर जीएसटीचं रिटर्न आणि बँकेचं काम चालतं त्या मशीनला सुरक्षेचे अपडेट हवेतच.

दोन सेकंदांची मर्यादा

४१०१ची नोंद कुठून येते? ग्राफिक चिपनं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा उभा करतं. ही टीडीआर नावाची सोय व्हिस्टापासून आहे. मिनिटाच्या आत असं वारंवार झालं तर निळी स्क्रीन आणि कोड ११६. कास्टिंगचं सिम्युलेशन किंवा मोठं रेंडर कार्डावर टाकलं की एखादा हिशोब खरंच दोन सेकंदांपेक्षा जास्त चालतो, आणि विंडोज निरोगी ड्रायव्हरला मारून टाकतं. अशा वेळी रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, ग्राफिक्सड्रायव्हर्स इथं 'टीडीआरडिले' नावाची ३२-बिट डीवर्ड करून डेसिमलमध्ये ८ किंवा १० द्या आणि रीस्टार्ट करा. रजिस्ट्रीची ती किल्ली आधी एक्सपोर्ट करून ठेवा.

पण हे तेव्हाच, जेव्हा दर वेळी त्याच एका जड कामाला स्क्रीन जाते. ब्राउझर उघडतानाही जात असेल तर मर्यादा वाढवून फक्त काळ्या स्क्रीनचा वेळ वाढेल. आणि टीडीआर पूर्ण बंद करण्याच्या फंदात पडू नका, चिप अडकली की मशीन तिथंच गोठतं.

ड्रायव्हरसारखे दिसणारे इतर दोष

फाउंड्रीतल्या ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइटबरोबर कोळशाची पूड असते. तिची काळी बारीक धूळ कॅबिनेटमध्ये जाते, हीटसिंकच्या पात्यांत थर करते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत चिकटून बसते. तापमान सतत ८५ अंशांच्या पुढं राहत असेल तर आधी सफाई. मशीन बंद करून, वायर काढून, पंख्याचं पातं बोटानं धरून ब्लोअर मारा, पंखा मोकळा फिरू देऊ नका. कार्ड काढून सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकेच पुसा, रबराचा भुगा झटका, परत बसवा. जुनं कार्ड असेल तर थर्मल पेस्टही बदला. शॉप फ्लोअरवरच्या मशीनचं हे काम तीन महिन्यांनी करावंच लागतं.

वीज हा दुसरा भाग. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट ओढतं, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १४ अँपिअर, आणि त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. खोक्यावर ४५० लिहिलेला स्वस्त लोकल एसएमपीएस रिकाम्या डेस्कटॉपवर व्यवस्थित चालतो आणि मॉडेल फिरवायला घेतलं की मान टाकतो. शेजारी वेल्डिंग किंवा मोठी मोटर सुरू होताना स्क्रीन जात असेल तर यूपीएस आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. व्हीजीएला एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये असेल तर तो काढून सरळ केबल लावून बघा, रिझोल्यूशनच्या अर्ध्या तक्रारींत तोच असतो.

सगळं जुळलं की एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा: हार्डवेअर आयडी, चालू ड्रायव्हरची पूर्ण आवृत्ती, टाकल्याची तारीख आणि इन्स्टॉलर डी ड्राइव्हवर कुठं ठेवलाय ते. पुढच्या वेळी येणारा टेक्निशियन दुसरा असला, तरी 'लेटेस्ट टाकून बघतो' म्हणण्याआधी त्याला ती दिसेल.